स्टेशनापासून पाच मैल

मुंबईहून पश्चिम किनाऱ्याच्या लोहमार्गाने उत्तरेकडे निघालेल्या उतारूच्या दृष्टीस एक गोष्ट वारंवार पडते. परंतु रोज दिसणाऱ्या गोष्टीस प्रश्न विचारावयाचा नाही असा मनुष्यस्वभाव असल्यामुळे तिचा विचार बहुधा कोणी करीत नाही. वसई येते ती 'वसई रोड' म्हणून येते. पुढे केळवे येते ते 'केळवे रोड', डहाणू येते ते 'डहाणू रोड', आणि त्याहीपुढे बोर्डी व उंबरगाव यांच्या नावांस तेच शेपूट जोडलेले आढळते. या 'रोड' शब्दाचा अर्थ एवढाच की, ज्या गावाचे नाव पाटीवर लिहिले आहे ते गाव येथे नाही. येथून त्या गावास जाण्याचा रस्ता मात्र आहे. आगगाडीने आपल्याच पाटीवर काळ्या अक्षरांत दिलेली ही कबुली आहे. उलट ज्या स्टेशनांच्या नावांस 'रोड' लागलेले नाही त्यांतील पालघर आणि बोईसर ही दोन पाहा. लोहमार्ग आला तेव्हा ही दोन्ही साधी खेडी होती. त्यांच्या नावापुढे दिलगिरीचा शब्द जोडण्याची कोणास गरज वाटली नाही, कारण मुंबईच्या उतारूस तेथे जावयाचे आहे असे कोणी मानीतच नव्हते. आज पालघर हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे, बोईसर हे कारखान्यांचे शहर आहे, आणि केळवे, माहीम, तारापूर ही इतिहासातील नामांकित गावे त्या स्टेशनांपासून चार, पाच, सात मैलांवर समुद्राकडे तोंड करून बसली आहेत. हे असे का झाले आणि त्या मधल्या मैलांचे काय झाले, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी १८५५ साली स्थापन झाली. तिच्या नावातच तिचा मनोदय लिहिलेला आहे. मुंबई, बडोदे आणि मध्य हिंदुस्थान यांच्या मधे जे काही लागेल ते तिच्या लेखी वाट होती. तिचा सूत्रधार कर्नल जॉन पिट केनेडी हा आयरिश इंजिनिअर. सिमल्याकडून तिबेटच्या दिशेने जाणाऱ्या सडकेचा आरंभ ज्याच्या हातून झाला तोच हा गृहस्थ. डोंगरातील सडकेचा अनुभव असल्यामुळेच की काय, आगगाडीने डोंगर चढू नये असे त्याचे ठाम मत होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनी बोरघाट आणि थळघाट फोडण्यासाठी पैसा व माणसे खर्ची घालीत असता, सह्याद्रीस वळसा घालून किनाऱ्याच्या सपाटीने गुजराथेत आणि तेथून आत शिरावे, असा त्याचा आग्रह होता. चढ जितका कमी तितका कोळसा कमी, हे त्याचे गणित. आणि ते चुकीचे होते असे आजही कोणास म्हणता येणार नाही. खाड्यांवर आणि नद्यांवर त्याने बिडाचे स्क्रूचे खांब चिखलात फिरवून रोवले व त्यांवर साठ साठ फुटांच्या एकाच मापाच्या लोखंडी कैच्या टाकल्या. एकच माप सर्वत्र वापरले म्हणजे विलायतेहून आलेला कोणताही तुकडा कोणत्याही पुलास चालतो, ही त्यातील हिकमत होती.

पण सपाटीने जावयाचे म्हणजे नेमके कोठून? पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचा हा उत्तर भाग ज्याने पायाखाली घातला आहे त्यास ठाऊक आहे की, येथे समुद्राकाठी वाड्या व मिठागरे, त्यामागे खाजणे, त्यामागे भाताची सखल जमीन आणि तिच्यामागे एकदम डोंगर व जंगल अशा उभ्या पट्ट्या लागतात. खाडी मुखाजवळ रुंद आणि दलदलीची असते; दोन-चार मैल आत गेले की तीच अरुंद होते. तेव्हा रूळ टाकणाऱ्याने किनारा सोडून भाताच्या पट्टीतून, डोंगराच्या पायथ्याकडे सरकून जाणे हे इंजिनिअराच्या दृष्टीने योग्यच होते. रेल्वेवर राग काढावयाचा असल्यास तो येथे काढण्यात अर्थ नाही. केळवे-माहीमच्या वाड्यांतून आणि तारापूरच्या खाडीच्या मुखावरून गाडी नेली असती तर पुलांचा खर्च कंपनीस झेपला नसता आणि वाड्याही उरल्या नसत्या.

शिवाय कंपनीचे मन या किनाऱ्यात नव्हतेच. ते कापसात होते. बांधकाम मुंबईकडून सुरू न होता गुजराथेत सुरू झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिला तुकडा १८६० साली अंकलेश्वरापासून तापीकाठच्या उत्राणपर्यंत उघडला. १८६३ साली गाडी अमदाबादेस पोचली. आणि मग सर्वांच्या शेवटी, २८ नोव्हेंबर १८६४ रोजी सुरत ते मुंबईचे ग्रँट रोड हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता, भडोच-सुरतेच्या कापसास सोन्याचा भाव आला होता, आणि मुंबईत शेअरांचे वेड लागले होते. पुढच्याच वर्षी युद्ध संपले आणि मुंबईचा फुगा फुटला. रूळ मात्र राहिले. कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिलेली असल्यामुळे भागीदारांस झोप लागण्यास हरकत नव्हती. ते व्याज कमी पडले तर कोणाच्या खिशातून भरावयाचे होते, हे वाचकांस सांगावयास नको. पण त्या हमीपत्रात तारापूरच्या माणसाने स्टेशनावर कसे यावे याविषयी एक अक्षरही असण्याचे कारण नव्हते, हे मात्र सांगितले पाहिजे.

आता ज्यांस वगळून ही गाडी गेली ती गावे कोणती होती? महिकावतीच्या बखरीचे नाव वाचकांनी ऐकले असेलच. १९२४ साली राजवाड्यांनी ती संपादून प्रसिद्ध केली. त्या महिकावतीचा संबंध केळव्याशेजारच्या माहीमशी अभ्यासक जोडीत आले आहेत. पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर कोट आणि बुरूज यांची माळच ओवली होती. १७३९ साली चिमाजी आपांच्या वसईच्या मोहिमेत माहीम, केळवे, तारापूर ही ठाणी एकामागून एक पडली, आणि तारापूरच्या तटावर बाजी भीवराव रेठरेकर यांच्यासारखा वीर कामास आला. वसई घेण्यापूर्वी ही ठाणी घ्यावी लागली, यातच त्यांचे महत्त्व आले. गाव किनाऱ्यावर, कारण रस्ता समुद्र होता. मचवा आणि फत्तेमारी हीच त्या काळची आगगाडी. भात, मीठ, लाकूड, सुकी मासळी हा माल तारापूर-डहाणूच्या बंदरांतून थेट मुंबईच्या धक्क्यास लागे. गावाचे तोंड पश्चिमेस होते, आणि पूर्वेकडची बाजू ही त्याची पाठ. १८६४ च्या नोव्हेंबरात ही दिशाच उलटली. ज्या बाजूस गावाची पाठ होती तिकडून जग येऊ लागले, आणि ज्या वेशीवर स्वागताचा दरवाजा होता तेथे हळूहळू वाळू साचली.

येथे आम्हांस एका दूरच्या देशाची आठवण होते, आणि ती विषयास सोडून नाही असे वाचकांस पुढे दिसून येईल. काही वर्षांपूर्वी एका विद्वत्सभेच्या निमित्ताने आम्हांस डेन्मार्कात पंधरा दिवस राहण्याचा योग आला. देश लहान. सारी वस्ती साठ लाखांच्या आसपास, म्हणजे आमच्या पालघर जिल्ह्याच्या २०११ च्या शिरगणतीतील लोकसंख्येच्या अवघी दुप्पट. त्यातही अर्धाअधिक देश बेटांवर विखुरलेला. तेथली पहिली आगगाडी कोपनहेगन ते रोस्किल्ड अशी १८४७ साली धावली. पुढे बेटाबेटांमधील सामुद्रधुन्या ओलांडण्यासाठी अख्खी गाडीच बोटीत चढवून पलीकडे उतरवीत. मोठ्या पट्ट्यावरील हा प्रकार १८८३ साली सुरू झाला आणि १९९७ साली समुद्राखालचा बोगदा व पूल तयार होईपर्यंत चालला. वैतरणेच्या पुलाशेजारी वाढलेल्या माणसास या गोष्टीचे जितके कौतुक वाटावे तितके आम्हांस वाटले.

परंतु आम्हांस अधिक विचार करावयास लावले ते पश्चिमेकडील दोन गावांनी. १८६४ हे साल तेथेही मोठे आहे, पण दुःखाचे. त्या वर्षी प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग-होल्स्टाइनचे प्रांत गमावले, आणि त्यांबरोबर दक्षिणेकडची व्यापाराची वाटही हातची गेली. इंग्लंडास लोणी व मांस धाडण्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर नवे बंदर हवे झाले. १८६८ साली कायदा करून एस्बियर्ग या जागी, जेथे काही शेतघरांवाचून दुसरे काही नव्हते, बंदर बांधण्याचे ठरले. १८७४ साली तेथे गाडी पोचली. आज ते सत्तर हजारांहून अधिक वस्तीचे शहर आहे. त्याच्या दक्षिणेस रीबे नावाचे गाव आहे. ते डेन्मार्कातील सर्वांत जुने गाव, एके काळचे मोठे बंदर, प्रचंड दगडी चर्चचे. एस्बियर्गच्या उदयाने रीबेचे उरलेसुरले महत्त्वही गेले. म्हणजे त्यांचे एस्बियर्ग हे आमचे बोईसर आणि रीबे हे आमचे तारापूर, असे कोणी म्हणेल. आम्हीही प्रथम तसेच म्हटले. परंतु १८७५ साली, एस्बियर्गच्या अवघे एक वर्ष मागून, रीबेसही गाडी नेण्यात आली, आणि ती आजही जाते. आम्ही एस्बियर्गहून तीत बसलो व अर्ध्याएक तासात त्या जुन्या गावाच्या वेशीशी उतरलो. पाटीवर नुसते 'रीबे' असे लिहिले होते.

हा भेद कोठून आला? डेन्मार्कात रूळ कोठे टाकावयाचे याचा वाद त्यांच्या लोकसभेत होई, आणि ज्या गावाचा प्रतिनिधी तेथे बसलेला असे त्या गावास सांगण्याची जागा तरी असे. १९०८ सालच्या रेल्वेच्या कायद्यानंतर तर खेड्याखेड्यांतून लहान शाखा फुटल्या. त्यांपैकी बऱ्याच पुढे मोटारीने मारल्या, हेही खरे. त्यांचे सगळेच गोड मानावे असे आमचे म्हणणे नाही. रेल्वेच्या फाट्यावर नव्याने वसलेल्या गावास त्यांच्या भाषेत एक स्वतंत्र शब्द आहे. त्याचा अर्थ 'स्टेशनगाव'. एक स्टेशन, एक खानावळ, सहकारी दुग्धालय, दोन दुकाने, आणि त्याभोवती घरे. त्या शब्दात थोडी तुच्छताही आहे असे आमच्या यजमानांनी हसत सांगितले. पालघर हे असे स्टेशनगाव आहे, आणि हा शब्द आमच्या भाषेत नसल्यामुळे पालघरचा इतिहास लिहावयाचा राहून गेला असेल काय, अशी शंका आम्हांस परतीच्या वाटेवर येत राहिली.

पालघरचा इतिहास म्हणजे माहीमकडून पालघरकडे वस्तू कशा सरकल्या याचा इतिहास होय. तालुक्याचे नाव पूर्वी माहीम तालुका असे होते आणि कचेरी माहीमला होती. मग कचेरी स्टेशनाजवळ, पालघरास आली; मागून तालुक्याचे नावही आले. कचेरी आली म्हणजे वकील येतात, वकील आले म्हणजे खानावळ येते, शाळा येते, आणि मग माहीमच्या माणसास जमिनीचा उतारा काढण्यासाठी सकाळी पाच मैल चालत पालघरास यावे लागते. १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'च्या चळवळीत जो मोर्चा निघाला तो याच कचेरीवर. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण पडले: सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, सालवडचे सुकूर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी. या नावांपुढील गावे वाचकांनी पुन्हा एकदा वाचावी. पाचांपैकी चौघे रुळांच्या पश्चिमेकडील गावांचे, त्यांतील तीन गावे तर अगदी समुद्राकाठची. ज्या पाच-सहा मैलांच्या वाटेने हे लोक एरवी मासळीच्या टोपल्या आणि कज्ज्याची कागदपत्रे घेऊन येत त्याच वाटेने ते त्या दिवशी आले. हुतात्म्यांचे स्मारक पालघरात आहे, आणि दर वर्षी त्या दिवशी किनाऱ्यावरची माणसे तेथे येतात.

रुळांच्या पूर्वेकडील कथा निराळी आहे. पश्चिमेस रेल्वेने दुर्लक्ष केले असे म्हणावे, तर पूर्वेस तिने भलतेच लक्ष दिले. डोंगरातील सागाचे लाकूड, कोळसा आणि गवत यांस मुंबईत गिऱ्हाईक होतेच. आता ते गिऱ्हाईक काही तासांच्या अंतरावर आले. मुंबईचे घोडे आणि तबेल्यांतील म्हशी या भागातील गवतावर पोसल्या जात. स्टेशनांलगत गवताच्या गंज्या उभ्या राहत, ते दाबून त्याच्या गासड्या बांधीत व मालगाडीत भरीत. हे गवत कापणारा वारली मात्र डोंगरातच, सावकाराच्या आणि जमीनदाराच्या वेठीत राहिला. १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांनी जो लढा दिला त्यातील एक मागणी पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावे ही होती. गोदावरी परुळेकरांनी तो सारा वृत्तान्त 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहून ठेवला आहे. आम्ही तो प्रथम वाचला तेव्हा त्या मागणीतील आकडे आम्हांस शुष्क वाटले होते. पाचशे पौंड गवत म्हणजे किती, हे पुढे एका वृद्ध वारल्याने आम्हांस हाताने गंजीची उंची दाखवून समजावले, तेव्हा आमचे आम्हांसच ओशाळे वाटले. गवतास मुंबईपर्यंत गाडी मिळाली, गवत कापणाऱ्यास तिकिटाइतके पैसे मिळाले नाहीत.

गाडीत बसणाऱ्यांविषयी बोलावयाचे तर १२ एप्रिल १८६७ या दिवसापासून आरंभ केला पाहिजे. त्या दिवशी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोज एक गाडी जाऊन येऊ लागली. पश्चिमेकडील उपनगरी वाहतुकीचा तो जन्मदिवस. त्या गाडीच्या थांब्यांत पाणजूचे नाव आढळते. भाईंदर आणि नायगाव यांच्या मधील खाडीतले हे बेट. त्यास १८६७ साली स्टेशन होते, आणि आज नाही! बेटावरील माणूस होडीने तरी नायगावास येतो, किंवा जीव मुठीत धरून पुलावरच्या रुळांच्या कडेने चालतो. वैतरणेच्या दोन पात्रांमध्ये वाढीव नावाचे असेच गाव आहे. त्यास तर दोन्ही बाजूंस पूल आणि डोक्यावरून जाणाऱ्या गाड्या, इतकेच रेल्वेचे सुख. ज्याच्या दारावरून दिवसभरात शेकडो डबे जातात त्यास डब्यात चढण्यासाठी पूल पायी ओलांडावा लागतो.

विरार हे नाव १८६७ साली जे शेवटचे ठरले ते जवळजवळ दीडशे वर्षे शेवटचेच राहिले. विजेची गाडी १९२८ साली बोरिवलीपर्यंत व १९३६ साली विरारपर्यंत आली आणि थांबली. पुढे १९७० नंतर विरारच्या उत्तरेसही विजेच्या तारा आल्या, परंतु मुंबई-विरारच्या तारांत १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह आणि विरारपलीकडे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह. एका बाजूची लोकल दुसऱ्या बाजूस चालावयाची नाही. म्हणजे ज्या सीमेवर पूर्वी सवय थांबत होती तेथे आता शास्त्रही थांबू लागले. आमची विद्यार्थिदशा या सीमेवर गेली. कॉलेज मुंबईस, घर पालघरास. संध्याकाळी लोकलने विरारास यावे आणि डहाणूच्या शटलची वाट पाहत फलाटावर उभे राहावे. एकदा पावसाळ्यात ती चुकली तेव्हा आम्ही रात्र त्या फलाटावर एका वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यास टेकून काढली. शेजारी सातपाटीची एक म्हातारी कोळीण रिकाम्या टोपलीवर डोके ठेवून निजली होती. पहाटे उठून ती म्हणाली, "पोरा, गाडीत बसलं की मुंबय जवळच हाय. ठेसनापातूर यायचं तेच लांब." तिला सातपाटीहून पालघरपर्यंतचे सहा मैल म्हणावयाचे होते. आम्ही त्या वेळी हसलो. या लेखाचे मूळ तेथे आहे हे आता ध्यानात येते.

२०१२ साली मुंबईकडील तारांचा प्रवाह बदलण्याचे काम पुरे झाले, आणि १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल विरार ओलांडून डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी सुटली तो १८५३ सालचा दिवसही १६ एप्रिलच; बरोबर एकशेसाठ वर्षे. परंतु दोनच रूळ, आणि त्यांवर दिल्ली व अमदाबादच्या लांबच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल या सर्वांनी एकामागून एक जावयाचे, म्हणून लोकल थोड्याच. ज्या वेळी दोन-चार मिनिटांस गाडी मिळते असे शहर एका टोकास आहे त्याच वेळी दुसऱ्या टोकाचा माणूस घड्याळ पाहून जेवतो. या मार्गाला आणखी दोन रूळ जोडण्याचे काम चालू आहे.

बोईसरचे वळण मात्र सर्वांहून विलक्षण. मुंबई आणि अमदाबाद ही दोन मोठी गिऱ्हाइके, दगडी कोळशाच्या खाणी दूर, आणि थंड करावयास समुद्राचे पाणी जवळ, हे पाहून देशातील पहिले अणुविद्युत्केंद्र तारापूरजवळ उभारले गेले. १९६९ च्या ऑक्टोबरात त्याची वीज व्यापारी रीतीने वाहू लागली. त्यामुळे तारापूर हे नाव, जे पोर्तुगिजांच्या दप्तरातून निघून इतिहासाच्या पुस्तकात विसावले होते, ते अमेरिकेच्या काँग्रेसातील वादविवादांत घुमू लागले. अणुइंधनाच्या करारावरून पुढे जी वर्षानुवर्षे तेढ चालली तीत या लहानशा गावाचे नाव जगाने किती वेळा उच्चारले असेल! पण अणुकेंद्राचे कर्मचारी उतरले बोईसरास. त्यांची वसाहत बोईसरास, औद्योगिक वसाहतही बोईसरालगत. नाव तिलाही तारापूरचेच. नाव जुन्या गावाचे आणि भरभराट स्टेशनाची, अशी ही वाटणी. केंद्राच्या पुढील दोन अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठविण्यात आली, तेव्हा समुद्रकाठच्या माणसाच्या वाट्यास या भरभराटीतून काय आले हेही दिसले. सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गर्दीबरोबर मुंबईहून बोईसरकडे येणारी उलटी गर्दी आज या मार्गावर दिसते, आणि ती फलाटावरून उतरून कारखान्यांकडे पांगते.

मग ते मधले पाच-सात मैल? केनेडीने रूळ आत नेले यात आम्ही त्यास दोष देत नाही, हे वर सांगितलेच. आमची तक्रार निराळी आहे. स्टेशनापर्यंतचा रस्ता हा कोणाचा, हा प्रश्न १८६४ साली कोणी विचारला नाही, आणि १९०५ साली सरकारने कंपनी विकत घेतली तेव्हा, १९४२ साली कारभार हाती घेतला तेव्हा, किंवा १९५१ साली पश्चिम रेल्वे निर्माण झाली तेव्हाही त्याचे उत्तर कोणी दिले नाही. रेल्वेचा हिशेब फलाटाच्या टोकास संपतो. पुढे पूर्वी बैलगाडी आणि टांगा होता, मग एस. टी. आली, मग सहा आसनी रिक्षा. प्रत्येकाचे वेळापत्रक आपापले. गाडी उशिरा आली तर बस निघून गेलेली असते, आणि रिक्षा भरल्यावाचून हलत नाही. एस्बियर्गच्या स्टेशनाबाहेर उभी असलेली बस आमची गाडी येईपर्यंत थांबली होती आणि गाडीचे तिकीट तीत चालले, हे आम्ही घरी येऊन सांगितले तेव्हा मंडळींस ती प्रवासवर्णनातील अतिशयोक्ती वाटली.

आता काळाने पुन्हा एक वळण घेतले आहे. मुंबई-अमदाबाद जलदगती रेल्वेचे खांब या भागातून उभे राहत आहेत, आणि तिच्या महाराष्ट्रातील चार स्थानकांत बोईसर आहे. तारापूर अर्थातच नाही. डहाणूच्या दक्षिणेस वाढवण येथे प्रचंड बंदर बांधण्याचे ठरून ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची कोनशिला बसली, आणि त्या बंदरापर्यंत मालवाहतुकीच्या लोहमार्गावरून फाटा नेण्याची योजना आहे. म्हणजे जो रूळ दीडशे वर्षांत किनाऱ्यास भेटावयास आला नाही तो आता येत आहे. पण तो येतो आहे पेट्यांसाठी. त्या पेट्यांत बसून प्रवास करता येत नाही. ज्या कोळ्यांच्या पाण्यात हे बंदर व्हावयाचे आहे ते वर्षानुवर्षे त्याविरुद्ध उभे आहेत. त्यांचे म्हणणे नुसते मासळीपुरते आहे असे समजणारांनी केळवे रोडच्या पाटीखाली एकदा उभे राहून पाहावे.

गेल्या आठवड्यात आम्ही बोईसरास संध्याकाळच्या लोकलने उतरलो. चिंचणीस एका जुन्या विद्यार्थ्याकडे जावयाचे होते. पुलावरून पश्चिमेस आलो तो अंधार पडला होता. बस नुकतीच गेली होती. रिक्षावाला हाका मारीत होता, "चिंचणी, तारापूर, दोन शीट!" आम्ही बसलो. एक शीट बाकी होती. पुढची गाडी येण्यास अजून चाळीस मिनिटे होती.